रेशीम शेडला चारी बाजूंनी ओले गोणपाट लावूनही गारवा येईना, मदत हवी आहे

सेलूकडचा | १४ मे, सकाळी ११:४०

नमस्कार मंडळी. रेशीम शेडचं तापमान ३४ च्या खाली येईना झालंय. गोणपाट ओले आहेत, खाली पाणी मारलंय, दोन कूलर चालू आहेत. मागच्या बॅचला हेच केलं होतं तेव्हा २८-२९ राहायचं. आता अळ्या पान सोडायल्यात, काही रॅकच्या कडेला येऊन बसायल्यात. अजून पाणी मारू की तिसरा कूलर आणू? दुकानदार म्हणतो मोठा घ्या. आज संध्याकाळच्या आत काहीतरी करायचंय, लवकर सांगा.

गेवराई_तुती | ११:५२

भाऊ, अर्धीच माहिती दिलीत. शेड पत्र्याचं का शेडनेटचं? अळ्या कोणत्या अवस्थेत? आर्द्रता किती? कूलर बाहेरची हवा ओढतायत का आतलीच? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगावं?

पूर्णा_फॉगर | ११:५८

विचार करू नका, फॉगर बसवा. माझ्या शेडमध्ये वरून लाईन टाकलीय, दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं सोडतो. धुकं पडलं की पाच अंश तरी उतरतातच. गोणपाटाच्या भानगडीत आजकाल कोण पडतं?

जालना_मोंढा | दुपारी १२:०३

सध्या कोषाला काय भाव चाललाय कुणाला माहीत आहे का? पुढच्या आठवड्यात माल काढायचाय.

सेलूकडचा | १२:१०

पत्र्याचं शेड आहे. चौथा मोल्ट उठून, म्हणजे चौथ्यांदा कात टाकून, तीन दिवस झाले. आर्द्रतेचं घड्याळ ८८ दाखवतंय. बाकी सगळं नेहमीसारखंच.

गेवराई_तुती | १२:१४

८८! पाचव्या अवस्थेत? अहो, मोठ्या अळीला ७० च्या आसपास पुरते, तापमान २४-२५. चॉकीच्या बारक्या अळ्यांना ८५-९० चालते, मोठ्यांना नाही. आणि खिडक्यांचं काय ते सांगितलंच नाहीत.

सेलूकडचा | १२:१९

खिडक्या बंद आहेत. बाहेर ४१ आहे, उघडून काय करू? आतला थंडावा जाऊ नये म्हणून खिडक्यांना आतून प्लास्टिक लावलंय, त्यावर गोणपाट. कूलर आतच ठेवलेत, दोन्ही टोकांना एकेक.

धारूरचा_शेतकरी | १२:२५

खिडक्या बंदच ठेवा. मी सकाळी आठला सगळं बंद करतो ते सूर्य बुडाल्यावर उघडतो. झळ आत आली की खेळ संपला. माझ्याकडे मे महिन्यात ३० च्या वर कधी जात नाही.

गेवराई_तुती | १२:२८

तुमचं शेड कसलं आहे दादा?

धारूरचा_शेतकरी | १२:३१

जुना वाडा आहे. दीड हात मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद.

गेवराई_तुती | १२:३३

मग तुमची गोष्टच वेगळी. मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते. पत्रा अकरा वाजताच तव्यासारखा तापतो. माळवदाचा नियम पत्र्याला लावू नका.

अंबाजोगाई_मास्तर | १२:४७

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता गावाकडे थोडी तुती आहे. सेलूकरांच्या शेडमध्ये काय चाललंय ते जरा सविस्तर सांगतो, कारण तिसरा कूलर आणला तर नुकसान वाढेल असं माझं ठाम मत आहे.

पाणी हवेला गार करतं ते पाणी गार असतं म्हणून नाही. पाण्याची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती ते हवेतून, गोणपाटातून, जिथून मिळेल तिथून घेतं. शाळेच्या पुस्तकात ह्याला अप्रकट उष्मा म्हणतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात. चांगला चाललेला कूलर तासाला दहा लिटर पाणी उडवत असेल तर तो जवळजवळ दोन टनाच्या एसीइतकी उष्णता हवेतून काढून घेतो. म्हणजे ताकद कमी नाही. पण पाणी उडालं तरच. टाकीत नुसतं फिरत राहिलेलं पाणी काही करत नाही.

आता पाणी कधी उडत नाही? हवेत आधीच वाफ भरलेली असेल तेव्हा. श्रावणात झडीच्या दिवसांत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तसंच तुमच्या गोणपाटाचं झालंय. तुमचं शेड किती बाय किती आहे?

सेलूकडचा | १२:५३

५० बाय २०, उंची १२ फूट. सर, उपाय सांगा ना, अळ्या वाट बघणार नाहीत.

अंबाजोगाई_मास्तर | दुपारी १:०८

सांगतो. एवढ्या शेडमधली सगळी हवा ३४ अंशांना वाफेनं काठोकाठ भरली तरी तिच्यात जेमतेम १३ लिटर पाणी मावतं. तुमचे दोन कूलर, ओली जमीन आणि गोणपाट मिळून बंद शेडमध्ये हे काम तासाभरात करतात. त्यानंतर कूलर फक्त पंखा. मोटारीची उष्णता आत सोडतो ती वेगळीच.

३४ अंश आणि ८८ टक्के ह्या हवेला पाण्यानं कितीही भिजवलं तरी ती ३२ च्या खाली जात नाही. बाहेरची हवा ४१ ची असली तरी तुमच्याकडे ह्या दिवसांत आर्द्रता १८-२० टक्के असेल. ती कोरडी हवा ओल्या पडद्यातून आली तर हिशोबानं २३ पर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात पूर्ण उतरत नाही. गोणपाटातून आली तर ३० च्या आसपास आणि कूलरच्या चांगल्या जाळीतून आली तर २७ पर्यंत येईल. म्हणून तुम्ही जिला अडवून ठेवलंय ती बाहेरची तापलेली हवाच तुमच्या कामाची आहे, आणि जी जपून ठेवलीय ती आतली हवा बाहेर घालवायला हवी.

मागच्या बॅचला का जमलं, तर दोन कारणं मला दिसतात. एक, तेव्हा पत्रा एवढा तापत नसणार. दुसरं, प्लास्टिक. ते तेव्हा होतं का?

सेलूकडचा | १:१२

नाही, प्लास्टिक ह्याच बॅचला लावलं. मागची बॅच फेब्रुवारी-मार्चची होती.

गेवराई_तुती | १:१५

आणि तिसरं कारण पाला. आयुष्यभर अळी जेवढं पान खाते त्यातलं ८० टक्क्यांच्या वर ह्या पाचव्या अवस्थेत खाते. तुतीच्या पानात तीन हिश्शांना दोन हिस्से पाणीच असतं, त्यातलं बरंच विष्ठेतून आणि उरलेल्या फांद्यांतून शेडच्या हवेतच जातं. चौथ्या मोल्टपर्यंत बंद शेड कसंबसं चालतं, नंतर नाही. रॅकखाली हात घालून बघा, बेड, म्हणजे अळ्यांखालचा फांद्या-विष्ठेचा थर, दमट लागतोय का?

सेलूकडचा | १:२१

लागतोय. खालच्या थराला कुबट वासही यायलाय.

पूर्णा_फॉगर | १:२४

मी अजून म्हणतो फॉगर. मास्तर म्हणतात वाफ झाली पाहिजे, मग फॉगरच्या बारीक थेंबाची वाफ सगळ्यात लवकर होते. बरोबर ना?

अंबाजोगाई_मास्तर | १:३०

थेंब बारीक, म्हणून वाफ लवकर, हे अगदी बरोबर. पण हवेत जागा असेल तर. तुमच्या शेडच्या बाजू उघड्या आहेत का?

पूर्णा_फॉगर | १:३३

हो, शेडनेट आहे. चारी बाजूंनी वारा खेळतो.

अंबाजोगाई_मास्तर | १:३६

म्हणूनच तुमच्याकडे तो चालतो. ८८ टक्क्यांच्या बंद शेडमध्ये तेच थेंब हवेत विरणार नाहीत, पानावर आणि अळीच्या अंगावर पडतील.

गेवराई_तुती | १:३८

आणि ओलं पान पाचव्या अवस्थेत घालणं म्हणजे रोगाला आवतण. फॉगर ह्यांना सुचवूच नका.

पूर्णा_फॉगर | १:४०

मी माझा अनुभव सांगितला. शेडनेट आणि पत्रा ह्यात फरक पडतो हे मान्य. पण फॉगर वाईट असं सरसकट म्हणू नका, नवीन लोक वाचतात.

परळी_थर्मल | १:४२

बर्फाच्या लाद्या मिळतात ना सेलूला? कूलरच्या टाकीत दोन लाद्या टाका, लगेच फरक पडेल. घरी आम्ही तेच करतो.

अंबाजोगाई_मास्तर | १:५०

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. एक लिटर पाणी उडताना त्याच्या सातपट घेतं. लादीचे पैसे आणि भाड्याची गाडी ह्यापेक्षा एक जुना एक्झॉस्ट पंखा स्वस्त पडेल. शिवाय टाकीतलं पाणी बर्फासारखं गार झालं की त्याची वाफ कमी व्हायला लागते.

लातूर_टाका | १:५५

मला एक बोलायचंय. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या वर्षी घागरीसाठी रांगेत उभे राहिलेले लोक हे वाचतायत. जमिनीवर पाणी मारा, गोणपाटावर पाणी मारा, पत्र्यावर मारा, हे ऐकून जिवाला लागतं. टँकरच्या गावात हे परवडणार आहे का?

सेलूकडचा | १:५८

आमच्याकडे बोअर आहे. पाण्याचं नंतर बोलू, आधी अळ्यांचं बोला.

अंबाजोगाई_मास्तर | दुपारी २:१२

लातूरकरांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही, आणि तो ह्याच प्रश्नाला लागून आहे. गोणपाटातून गळून जमिनीवर जाणारं पाणी गारव्याच्या कामाचं नाही. फक्त उडालेलं पाणी काम करतं. उलट गोणपाट इतकं भिजलं की त्याची वीण पाण्यानं बंद होते, मग त्यातून वारा जात नाही आणि वाराच नाही तर पाणी उडणार कसं? गोणपाट ओलसर हवं, निथळतं नको. वर ठिबकची जुनी नळी टाका, हळूहळू पाझरू द्या, खाली पन्हळ लावून निथळलेलं पाणी परत टाकीत घ्या. पाणी निम्म्याहून कमी लागेल आणि गारवा जास्त मिळेल. जमिनीवर पाणी मारणं मात्र आजपासून बंदच करा.

हिंगोली_माठ | २:१५

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचा माठ दोन उन्हाळे छान गार करायचा, आता करत नाही. तोच कुंभार, तीच माती. असं का व्हावं?

अंबाजोगाई_मास्तर | २:१९

बोअरच्या पाण्यातले क्षार माठाच्या बारीक छिद्रांत साचतात. पाणी बाहेर पाझरलं नाही की उडत नाही. बाहेरून रंग दिलात का? तैलरंग दिला असेल तर तोही छिद्रं बुजवतो. कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो तोही ह्याच क्षारांचा. सेलूकर, तुमच्या कूलरचं गवत कधी बदललं होतं?

सेलूकडचा | २:२४

मागच्या वर्षी. दगडासारखं कडक झालंय, खालच्या बाजूला पांढरं आहे.

गेवराई_तुती | २:२७

मग ते आजच बदला, मोंढ्यात मिळेल. टाकीतलं पाणीही दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडून द्या. पाणी उडतं तसे क्षार मागं उरतात आणि पाणी आणखीच खारं होत जातं.

आणि सगळ्यात आधी हे बघा: कडेला आलेल्या अळ्यांचं अंग फुगलंय का? सांध्यांशी सुजल्यासारखं, कातडी पिवळसर, बोट लावलं की फुटून दुधासारखं पाणी येतंय का?

सेलूकडचा | २:३५

फुगलेल्या वाटत नाहीत. चार-पाच मात्र तशा दिसल्या, पांढरं पाणी आलं.

गेवराई_तुती | २:४१

ती ग्रासरी. हा विषाणू आहे, गारवा आल्यानं आजारी अळी बरी होत नाही, पण उष्णता आणि दमटपणा कमी झाला तर बाकीच्या तग धरतील. हातमोजे घालून त्या अळ्या वेचा, ब्लिचिंगच्या पाण्यात टाका आणि लांब खड्ड्यात पुरा. बाहेर फेकू नका, कोंबड्यांना घालू नका. दूध गळालंय ती जागा आणि तिथलं पान काढा. त्या रॅकवर विजेता ही जंतुनाशक पावडर धुरळा, अर्ध्या तासानंतरच पान घाला. खालचा कुबट बेड आजच्या आज उचला. बेडवर विरलेल्या चुन्याची पूड मारली तर ओल शोषली जाईल. हे खिडक्यांच्याही आधी करा.

परभणी_नवउद्योजक | २:४४

तुती लागवडीला रोजगार हमीतून अनुदान मिळतं, व्ही-वन जात लावा, पाच बाय तीनवर लावा, पट्टा पद्धत चांगली. कुणाला माहिती हवी असेल तर विचारा.

सेलूकडचा | २:४६

माझी तुती लागून तीन वर्षं झाली. मी शेड गार करायचं विचारलंय. मास्तर, खिडक्या उघडल्या तर अळीवर अंडी घालणारी उझी माशी येईल त्याचं काय? आणि नेमकं कुठलं उघडू, कुठलं बंद ठेवू?

अंबाजोगाई_मास्तर | दुपारी ३:०२

उझीची नायलॉन जाळी खिडक्यांना आहेच ना? ती राहू द्या, फक्त प्लास्टिक काढा. जाळीवर धूळ बसली असेल तर ब्रशनं झाडा, धुळीनं निम्मा वारा अडतो.

आता मांडणी. ह्या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो. दोन्ही कूलर आतून काढून पश्चिमेच्या भिंतीला, बाहेरच्या बाजूला, सावलीत लावा. पाठ बाहेर, तोंड आत. ते बाहेरची कोरडी हवा ओढून, गार करून आत देतील. पूर्वेच्या भिंतीला जितकं वर जमेल तितकं वर एक्झॉस्ट पंखा लावा, तो आतली दमट हवा फेकेल. मधल्या बाजूच्या खिडक्या बंदच ठेवा, नाहीतर पंखा जवळच्या खिडकीतूनच कोरडी झळ ओढत बसेल आणि कूलरमधून काही येणार नाही. म्हणजे धारूरकरांचं म्हणणं अर्धं बरोबरच आहे, मोकळी झळ आत येऊ द्यायची नाही. फक्त ती ओल्या पडद्यातून आणायची आणि दुसऱ्या बाजूनं काढायची.

पत्र्यावर बाहेरून तुराट्या किंवा उसाचं पाचट टाका, जाड थर द्या. पाणी मारायचंच असेल तर पाचटावर मारा. तिथं पाणी उडालं की वाफ बाहेरच्या बाहेर जाते, शेडची आर्द्रता वाढत नाही.

आणि घड्याळावर फार विसंबू नका, ही स्वस्त यंत्रं दमट हवेत बरीच चुकतात. शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो तसा एक काचेचा थर्मामीटर आणा, दोन असले तर उत्तम. एकाच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळून ती ओली करा आणि पंख्याच्या वाऱ्यात धरा. ओल्याचा आकडा सुक्यापेक्षा जितका खाली, तितकं जास्त पाणी तुमची हवा अजून उडवू शकते. आत दोन्हींत फक्त दोन अंशांचा फरक असेल तर कूलर चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. बाहेर नेऊन तेच करून बघा, फरक अठरा-वीस अंशांचा दिसेल. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ३५ च्या खाली दाखवत नाही.

छत्रपती_संभाजीनगरकर | ३:१०

मास्तरांचं वाचून आमची पाणचक्की आठवली. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छप्पर आहे, मे महिन्यातही खाली गार वाटतं. वर हौदाचं पाणी उडत राहतं, ओल मात्र खाली येत नाही.

लातूर_टाका | ३:१४

ठिबकच्या नळीचं आणि पन्हळीचं पटलं. आमच्या भागातही काही जणांनी शेड टाकलेत, त्यांना हे सांगतो.

सेलूकडचा | सायंकाळी ६:५०

बेड उचलला, चुना मारला, फुगलेल्या अळ्या वेचून पुरल्या. प्लास्टिक काढलं. कूलर पश्चिमेला बाहेरून लावले, गवत नवीन टाकलं. गावातल्या गिरणीतून जुना एक्झॉस्ट पंखा आणला, तो पूर्वेला वर बसवला. पाच वाजता बाहेर ४० होतं, तेव्हा कूलरपाशी २७ आणि पंख्यापाशी साडेतीस. घड्याळ ७४ दाखवतंय. शाळेतून थर्मामीटर आणला, आत फरक चार अंशांचा आला. अळ्या पान खायला लागल्यात, आवाज यायलाय. पाचट उद्या सकाळी टाकतो.

पंख्याच्या बाजूचे दोन रॅक मात्र अजून उबदार आहेत. आणि खरी अडचण पुढं आहे: शेतातली लाईन उद्यापासून दुपारी दोनला जाणार ती रात्रीच येणार. तेव्हा काय करू?

गेवराई_तुती | ७:०५

ते दोन रॅक हलवता येत असतील तर मध्ये घ्या, नाहीतर त्यावरची गर्दी कमी करा. अळ्या दाट असल्या की त्यांच्या मधली हवा हलत नाही.

धारूरचा_शेतकरी | ७:११

लाईनसाठी इन्व्हर्टर घ्या, एक पंखा आणि एक कूलर आरामात चालतो.

अंबाजोगाई_मास्तर | ७:२६

इन्व्हर्टर घेतलात तर एक्झॉस्ट पंखा आधी जोडा, कूलरची छोटी मोटार नंतर, मोठा पंखा परवडला तर. ते होईपर्यंत लाईन गेली की पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांवर ओलसर गोणपाट सोडा आणि पूर्वेच्या वरच्या झरोक्यांना काही लावू नका, फक्त जाळी. तापलेली हवा वर चढून तिथून निघेल आणि खालून गोणपाटातून नवीन येईल. पंख्याइतकं होणार नाही, ३१-३२ राहील. रात्री बाहेर २८ च्या खाली आलं की गोणपाट वर करा, कूलरचं पाणी बंद करा आणि दोन्ही बाजू पूर्ण उघडा. रात्री बाहेरची आर्द्रता वाढलेली असते, तेव्हा पाणी देऊन मिळत काही नाही.

आणि पहिली अळी कोष विणायला चंद्रिकेच्या जाळीवर चढली की आर्द्रता ६५ च्या वर जाऊ देऊ नका. त्या वेळी पंखा चालू आणि पाणी बंद.

सेलूकडचा | ७:३१

चढायला अजून चार दिवस असतील. झरोके पूर्वेला दोनच आहेत, उद्या गवंड्याला बोलावून अजून दोन पाडतो. एक फुटाचे पुरतील का?

अंबाजोगाई_मास्तर | ७:३४

दीड फुटाचे पाडा, पत्र्याला लागून. पण पाडताना धूळ आत येऊ देऊ नका, आतून ओलं कापड लावून मग पहार घाला.